कुंज परतायच्या आत

६ ऑक्टोबर ९६, रवि. सुरत

सातवीचे विज्ञानाचे पेपर तपासायला घरी आणले होते. जीजींनी पिशवीतून काढून बादलीत बुडवले. "कपडा धुई टाकात व कमल," म्हणाल्या, आणि पिळायला लागल्या. मी जोरात ओरडले. मग त्या रडल्या. मग मी पेपर दोरीवर चिमटे लावून वाळत घातले. शाई बऱ्यापैकी टिकलीय. जेल पेनवाल्यांचं काही खरं नाही.

कमल म्हणजे त्यांची धाकटी बहीण. जाऊन पुष्कळ वर्षं झाली. उन्हाळ्यापासून मी कमल. सून कुठे गेली असं कधी विचारत नाहीत.

कुमुद आली तेव्हा पेपर वाऱ्यावर फडफडत होते. आधी हसली, मग बसून चिमटे काढू लागली. नकाशा घेऊन आली होती. कच्छचं छोटं रण. शाळेत एकत्र लागलो तेव्हापासून बोलतोय आम्ही, की एकदा जायचं. पावसाचं पाणी रणात साचतं, त्यावर रोहित पक्षी उतरतात, आणि उत्तरेकडून कुंज, म्हणजे करकोचे, येतात, थव्याथव्यांनी. तिढा एवढाच की पाणी जास्त असेल तर जीप आत जात नाही आणि पाणी आटलं की पक्षी राहत नाहीत. मधले दिवस गाठायचे. ते दरसाल वेगळे.

दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरवलं. चार दिवस जीजींना कोण बघणार? जळगावच्या निर्मलाताई, माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना कळवायचं.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "बघू."

१७ ऑक्टो., गुरु.

शाळेतून येताना एसटीडी बूथवरून फोन लावला. कु.ने नंबर मिळवलाय. जोरुभाई म्हणून आहेत, रणाच्या काठावर त्यांचं शेत, तिथेच चार झोपड्या बांधून माणसं उतरवतात, स्वतःच जीप चालवतात. आवाज शांत. मी विचारलं, दिवाळीनंतर येऊ का?

"बेन, आवो तो खरां, पण रण अत्यारे दरियो छे." यंदा पाऊस उशिरापर्यंत राहिला. कुंज आलेत, पण शेतांतून विखुरलेत. रोहित पार आत, जिथे माणूस जाऊ शकत नाही. डिसेंबर उजाडू द्या म्हणाले.

बूथबाहेर आले तर अंगातलं सगळं गेल्यासारखं. काही झालं नव्हतं तरी.

२७ ऑक्टो., रवि.

चंदनी पडवा, कोजागरीचा दुसरा दिवस. शेजारच्या रंजनबेनने घारी पाठवली. जीजींना फार आवडते. तुपाचे हात पुसले ते पडद्याला. पडदा धुतला.

खालच्या मजल्यावर हिरे घासायच्या घंट्या, म्हणजे चाकं, रविवारीही चालू. दिवाळीची घाई. जीजी रात्री जागतात आणि दिवसा त्या घर्र आवाजात गाढ झोपतात. मला तसं दिवसा झोपता येत नाही.

३ नोव्हें., रवि.

सुट्टी लागली. वर्गातली निम्मी पोरं आधीच खानदेशात गेलीत, आईबापांबरोबर. माग बंद, गल्ल्या शांत.

रंजनबेनकडे निर्मलाताईंचा फोन आला. आमच्याकडे फोन नाही, सगळे निरोप तिच्याकडेच. ताई म्हणाल्या, जावयाची पहिली दिवाळी, आता कसं जमेल गं शैला? मी म्हटलं, आमचंही पुढे गेलंय, रणात पाणी आहे. म्हणाल्या, "कुठे पाणी?" सांगितलं. मग म्हणाल्या, पक्षी बघायला एवढ्या लांब?

१४ नोव्हें., गुरु.

दिवाळी झाली. मुग्धा पुण्याहून चार दिवस आली, गेली. जाताना म्हणाली, "आई, तू वाळलीस." आजीला तिने न्हाऊ घातलं. जीजी तिला ओळखतात. तिलाच तेवढं.

८ डिसें., रवि.

कु.ने ओढून नेलं. रंजनबेन तासभर जीजींजवळ बसली. तापीच्या ओवाऱ्यावर, म्हणजे घाटावर, समुद्रपक्षी आलेत, पांढरे, काळ्या ठिपक्याचे. लोक गाठिया उडवतात आणि ते हवेतच टिपतात. एक काका पिशवीभर घेऊन आले होते, आम्हालाही मूठभर दिले. हात वर करून उभी राहिले. पक्ष्याचा पंख बोटांना लागला.

कु. म्हणाली, हे सायबेरियाकडून इथवर येतात, आणि आपल्याला रणाच्या वाटेवरचं वीरमगाम गाठवत नाही.

घरी आले तर जीजी रंजनबेनला चपलेने मारायला उठलेल्या. रंजनबेन चांगली आहे. "कंई नहीं, कंई नहीं" म्हणत निघून गेली. पण तिला पुन्हा सांगवणार नाही.

५ जाने. ९७, रवि.

जोरुभाईंना फोन. पाणी उतरलं, जीप निम्म्या वाटेपर्यंत जाते. महिन्याच्या शेवटी उत्तम, म्हणाले. रोहित भरपूर. सव्वीस जानेवारी रविवारीच आलीय, सुट्टी बुडाली, पण शुक्रवार-सोमवार रजा टाकली. निर्मलाताई यायला तयार झाल्या. स्वतःहून म्हणाल्या, जा तू, मलाही जीजींजवळ राहायचंय.

ह्यांनीच तिकिटं काढून आणली. मला आणि कु.ला. टेबलावर ठेवून म्हणाले, "खिडकी मिळाली नाही."

रात्री अंथरुणावर पडले आणि एकदम रडायला आलं. आनंदाने असेल. ओळखू आलं नाही.

१४ जाने., मंगळ.

उत्तरायण. आमचं अख्खं कतारगाम पतंग उडवायला गच्चीवर. उंधियू, जिलबी, लाउडस्पीकर. जीजींना वर नेलं तर आवाजाने घाबरल्या, कान दाबून जिन्यात बसल्या. मी त्यांच्याशेजारी जिन्यात. वर "काप्यो छे!" चाललं होतं. बरं वाटलं तिथेच. कोणी काही मागत नव्हतं.

२२ जाने., बुध.

जाऊबाई येत नाहीत. कंबर धरलीय, उठवत नाही. दादांनीच फोन केला, ह्यांचे मोठे भाऊ. खोटं बोलणारी माणसं नाहीत ती. कंबर खरीच धरली असणार.

ह्यांना म्हटलं, तुम्ही रजा घ्या. म्हणाले, बँकेत ऑडिट बसलंय, आणि जीजींचं मला जमत नाही गं, तुला माहीत आहे.

माहीत आहे.

कु.ला सांगायला तिच्याकडे गेले. ती बॅग भरत होती. हातातली घडी बॅगेत ठेवली. मग म्हणाली, "शैला, मी जाते. रागावू नकोस. थांबले तर माझंही राहून जाईल."

मी म्हटलं, जा की. अगदी हसून म्हटलं.

२८ जाने., मंगळ.

कु. आली. डबा खायच्या सुट्टीत स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगत होती. पाण्याची कड गुलाबी, किती ते मोजवत नाही. जीप थांबवली की फक्त त्यांची कुजबुज. माझ्याकडे वळून म्हणाली, "शैला, तू असतीस तर —"

मी म्हटलं, मला नको सांगूस.

माझ्या डब्यात मेथी होती. खाल्ली पूर्ण.

४ फेब्रु., मंगळ.

आठवडा झाला, कु.शी कामापुरतंच. खडू दे, वही दे. चूक तिची नाही. हे लिहिता येतं, सांगता येत नाही.

९ फेब्रु., रवि.

जीजी गेल्या होत्या.

मी गिरणीतून दळण आणायला गेले. हे घरात, पेपर वाचत. आले तर दार उघडं, हे पेपरमध्येच. जीजी नाहीत. गल्ली, मंदिर, घंट्यांच्या कारखान्याची पोरं धावली सगळीकडे. शेवटी कतारगाम दरवाजाजवळ बसथांब्यावर बाकावर बसलेल्या सापडल्या. मांडीवर गाठोडं: एक लुगडं, माझी कंगवापेटी, दोन कांदे. शेजारच्या बाईशी गप्पा चालल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "उनी व कमल? गाडी कव्हय शे?"

आता त्यांना रोजच जायचं असतं. संध्याकाळ झाली की "माले घर जानं शे". कुठलं घर ते विचारलं की अमळनेरकडच्या माहेराचं नाव सांगतात. ते घर पडलं कधीच.

हे वाटेत एकदाच बोलले. "मला दाराचा आवाज आला नाही."

१६ फेब्रु., रवि.

दुपारी जीजींच्या डोक्याला तेल लावत होते. डोळे मिटून बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "पोर निजनी का?" मुग्धाबद्दल. म्हणजे त्या क्षणी मी कमल नव्हते. मुग्धा दहा महिन्यांची असताना मी बी.एड.ला गेले. सासरे नको म्हणत होते. जीजींनी पोर मांडीवर घेतली आणि त्यांना सांगितलं, तुम्ही तुमचं बघा. वर्षभर तिला सांभाळलं. बोलायला तिखट होत्या. माझ्या भाकरीला कधी चांगलं म्हटलं नाही. पण ती नोकरी त्यांच्यामुळे आहे.

मी म्हटलं, हो, निजली. "बरं," म्हणाल्या. पुढे काही नाही.

संध्याकाळी दळणाच्या निमित्ताने बूथवर गेले. जोरुभाई म्हणाले, रोहित कमी झाले. पण कुंज आता जमतायत. जायच्या आधी सगळे थवे शेतं सोडून पाण्याच्या काठाला एकत्र येतात, रात्री तिथेच उभे, आणि एके सकाळी उत्तरेला निघतात. मार्चचा पहिला आठवडाच, नंतर काही उरत नाही. "पछी गरमी, बेन. पछी कंई नहीं."

मी विचारलं, म्हातारी बाई बरोबर आणली तर चालेल का? डोक्याने ठीक नाही.

म्हणाले, "मारी बा पण घरमां ज छे. लई आवो."

१९ फेब्रु., बुध.

ह्यांना सांगितलं, शुक्रवारी २८ ला निघायचं, तिघांनी. मी, तुम्ही, जीजी.

"वेड लागलंय का? मार्च एंड आहे."

"शनिवार-रविवार आहे. त्यानंतरही मार्चचे एकोणतीस दिवस उरतात."

"जीजींना घेऊन? रणात?"

मी म्हटलं, त्यांना रोज गाडीत बसायचं असतं. बसू देत. आणि मला जायचंय. मी विचारत नाहीये.

आवाज चढला असावा. खालची घंटी थांबली. हे माझ्याकडे बघत राहिले. मग शर्ट घालून बाहेर गेले. दोन तासांनी आले, तिकिटं घेऊन. टीव्हीवर ठेवली.

२७ फेब्रु., गुरु.

माझ्या टेबलावर कु.ची दुर्बीण. चिठ्ठी नाही, काही नाही. ती तासावर होती. तिच्या वर्गाच्या दारात गेले. फळ्यावर पृथ्वीचा आस काढत होती. वळून म्हणाली, "काचा साडीने पुसू नकोस, ओरखडे पडतात." मी म्हटलं, बरं.

बोललो एवढंच. पण मोकळं वाटलं.

१ मार्च, शनि. जोरुभाईंकडे

दोन दिवसांचं आताच लिहून ठेवते, नाहीतर राहून जाईल.

गाडीत चढल्या आणि जीजी बदलल्या. खालच्या बाकावर, गाठोडं पोटाशी. समोरच्या माणसाला सांगितलं, "मनी बहीणना संगे जाई राहिनू." आणि आडव्या होऊन झोपल्या. पार वीरमगामपर्यंत. गेल्या वर्षभरात अशा झोपल्या नव्हत्या. हे वरच्या बाकावर घोरत होते. मी टक्क जागी. दार उघडून उतरल्या तर? साडीचा पदर त्यांच्या हाताला बांधला आणि बसून राहिले.

वीरमगामहून बस, मग जोरुभाईंची जीप. माणूस पन्नाशीचा, पांढऱ्या मिशा, कमी बोलणारा. त्यांची बा, म्हणजे आई, ओसरीत बसलेली, जीजींच्याच वयाची. जीजी सरळ तिच्याजवळ जाऊन बसल्या. बा गुजरातीत, जीजी अहिराणीत. तासभर चाललं. मी ऐकलं थोडं. बा तिच्या म्हशीबद्दल सांगत होती, जीजी कोणाच्या तरी लग्नाबद्दल. दोघी एकमेकींना होकार देत होत्या. बाजरीचा रोटला जीजींनी दीड खाल्ला. हे म्हणाले, "उगीच घाबरत होतो."

दुपारनंतर जीपमधून रणात. शेतं संपली, मग बोरं-बाभळी संपल्या, मग काही नाही. झाड नाही, दगड नाही, सपाट भेगाळलेली माती, आणि पुढे चकाकतं ते पाणी की ऊन, कळत नाही. रानगाढवांचा कळप पळाला. मी दुर्बीण लावली आणि जीजी ओरडल्या.

"पूर उना! पूर उना!"

सगळीकडे पाणीच पाणी दिसत असणार त्यांना. उभ्या राहिल्या. चालत्या जीपमधून पाय बाहेर. ह्यांनी कमरेला धरलं. त्यांनी ह्यांच्या तोंडावर मारलं, नखं ओढली. "ह्या माणूस कोन शे? माले बुडाई राहिना!" हे नुसतं म्हणत होते, "आई, मी अरविंद. आई, मी अरविंद." जीजी म्हणायचं सोडून आई म्हणत होते. मी ऐकलं नव्हतं कधी.

जोरुभाईंनी जीप वळवली. शेतं दिसली तेव्हा जीजी शांत झाल्या.

ह्यांच्या गालावर डोळ्याखालपासून ओठापर्यंत ओरखडा. हळद लावली. म्हणाले, "उद्या पहाटे तू एकटी जा. मी बसतो."

"जमेल?"

"जमवतो."

३ मार्च, सोम. सुरत

काल पहाटेचं.

अंधारात निघालो, जोरुभाई आणि मी. जीपला टप नाही, वारा गार. शाल कानावरून घेतली. कोणाकडे लक्ष द्यायचं नव्हतं. कोणी उठेल, पडेल, मागेल, काही नाही. सारखं मागे वळून बघत होते, सवयीने. मागची सीट रिकामी.

पाण्यापासून लांबच जीप थांबवली. आवाज आधी आला. शेकडो गळ्यांतून एकदम, घशातला, घरघरता, खालीवर होणारा. डोळ्यांना नुसती राखाडी पट्टी दिसत होती काठावर. जोरुभाई म्हणाले, सूर्य वर आला की उठतील, तोवर हलायचं नाही. थर्मासमधून चहा दिला. पार आत, पाण्यापलीकडे, पांढरट गुलाबी रेघ होती, उरलेले रोहित. ती दुर्बिणीतून पाहिली. चहा पिऊन कप खाली ठेवला. पाठ टेकली. तो आवाज चालूच होता.

डोळे उघडले तेव्हा ऊन तोंडावर होतं.

काठ रिकामा. ओल्या मातीत पावलं उमटलेली, पिसं, विष्ठा. आवाज नाही. जोरुभाई बॉनेटवर बसून विडी ओढत होते.

"बेन, तमे तो बेठां बेठां ज ऊंघी गयां."

मी विचारलं, उठवलं का नाहीत?

"बे वार बूम पाडी. तमे कह्युं, पांच मिनिट."

मला आठवत नाही. ते म्हणाले, सगळे एकदम उठले, डोक्यावरून गेले, सावली पडली जीपवर. एवढा गोंगाट की त्यांना स्वतःला बोललेलं ऐकू येईना. आणि मी झोपलेली. म्हणाले, मग मी पुन्हा हाक मारली नाही. एवढं दमलेलं माणूस मी फक्त बाळंतिणीत पाहिलंय.

मी खाली उतरून काठापर्यंत चालत गेले. पावलांचे ठसे बघितले. बोटं तीन. वाईट वाटायला हवं होतं. वाटेल वाटेल म्हणून थांबले. वाटलं नाही. अंग हलकं होतं, डोकं स्वच्छ, पंधरा-वीस वर्षांपूर्वी असायचं तसं. भूक लागली होती.

परत आलो. हे ओसरीच्या पायरीवर, शर्ट भिजलेला, केस विस्कटलेले. जीजी खाटेवर, बाजूला बा. काय काय झालं ते ह्यांनी नंतर तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. लुगडं खराब केलं, बदलू देईनात. विहिरीकडे पळाल्या. बाने धरलं. लुगडं ह्यांनीच धुतलं, दोरीवर होतं.

मला बघून म्हणाले, "दिसले?"

मी म्हटलं, "दिसले."

"खूप?"

"खूप."

"चला. सार्थक झालं," म्हणाले आणि तिथेच भिंतीला डोकं टेकलं.

मी का खोटं बोलले? त्यांची सकाळ वाया गेली असं वाटू नये म्हणून? की माझी?

परतीच्या गाडीत जीजी झोपल्यावर हे हळू आवाजात म्हणाले, "तू हे रोज करतेस?"

"रोज."

बाहेर बघत राहिले. भरूचचा पूल गेला. मग म्हणाले, "शाळा करून."

६ मार्च, गुरु.

कु.ला खरं सांगितलं. मैदानावर, प्रार्थनेनंतर. ती आधी इतकी हसली की पोरं बघायला लागली. मी पण. मग तिला हसू आवरेना ते रडण्यासारखं व्हायला लागलं. डोळे पुसून म्हणाली, "झोप चांगली लागली ना?" मी म्हटलं, फार. दुर्बीण परत दिली. काचा रुमालाने पुसल्या होत्या.

बँकेत हे सांगतायत, मांजराने ओरबाडलं. आणि आमच्या मिसेसनी हजारो कुंज पाहिले म्हणून. शिपायालाही सांगितलं. आता हे खोटं पसरणार.

९ मार्च, रवि.

ह्यांनी सकाळपासून जीजींना घेतलंय. आंघोळ सोडून सगळं. वरण भरवताना दोनदा मार खाल्ला. ओरडले नाहीत. दुपारी माझ्याजवळ येऊन बसले.

"दादाशी बोललो काल बँकेतून. म्हटलं, आता तुमची पाळी. ते घेऊन जायला तयार आहेत. पुढच्या आठवड्यात येतील."

मी म्हटलं, मला विचारलं नाहीत.

"तुझ्यासाठीच केलं."

"हो."

कित्येक वर्षं ह्यांनी हे करावं म्हणून वाट बघितली. आता म्हणाले तर मी उठून ओट्यावरचे डाग घासायला लागले.

१२ मार्च, बुध.

जळगावचं घर दुमजली, जिना लोखंडी, दार सरळ रस्त्यावर. निर्मलाताईंची कंबर. दादा दिवसभर दुकानात. मनात सारखं तेच चाललंय.

आणि दुसरं हेही चाललंय: रात्रभर झोप. सकाळी उठून फक्त माझी वेणी. थंडीत कु.बरोबर बाजारात पोंक, म्हणजे हुरडा, खायला. घाईने घरी यायचं नाही.

ह्या दोन्हींत खरं कोणतं ते कळत नाही. दोन्ही खरी असतील. मुग्धाला पत्र लिहायला घेतलं, फाडलं.

१५ मार्च, शनि.

संध्याकाळी रंजनबेनने हाक मारली, जळगावचा फोन. आम्ही दोघं गेलो. हे आधी बोलले. दादा उद्या रात्रीच्या गाडीने येणार, सोमवारी जीजींना घेऊन निघणार. मग ह्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला. निर्मलाताई होत्या.

औषधं कोणती, विचारलं. सांगितली. खायला काय लागतं, सांगितलं. तिखट कमी, भाकरी दुधात कुस्करून. त्या लिहून घेत होत्या, मध्येमध्ये "हं, हं". चांगली बाई आहे.

मग म्हणाल्या, "शैला, एक विचारू? दिवसाचं मी बघेन. रात्री झोपतात ना गं जीजी? खरं सांग. माझी कंबर रात्री साथ देत नाही. झोपत नसतील तर मला नाही गं झेपायचं, आत्ताच सांगते."

हे माझ्या अगदी शेजारी. आवाज त्यांनाही ऐकू गेला असणार. रंजनबेन दारात पदराचं टोक चावत उभी. ह्यांनी हळूच मान हलवली. हो म्हण, अशी. ओरखडा वाळलाय, पण खूण आहे अजून.

मी म्हटलं, "ताई, आवाज नीट येत नाहीये. उद्या मी करते."

"हॅलो? शैला?"

आवाज स्वच्छ येत होता. फोन ठेवला. दादा उद्या रात्री निघतील. त्याआधी फोन करायला हवा.